पहिले बाळंतपण: दाईमाय, उपकेंद्रातील नर्सबाई की घरी येणारी निवृत्त परिचारिका?

घाटंजीकडची सून

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरेच आत असलेल्या एका गावात राहते. माझे वय २३ आहे, हे पहिलेच गरोदरपण आहे आणि पाचवा महिना संपत आला आहे. प्रसूतीची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील सांगितली आहे. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, परंतु माझी आई तीन वर्षांपूर्वी वारली आणि माहेरी आता वडील व धाकटा भाऊ एवढेच आहेत, त्यामुळे बाळंतपण सासरीच करायचे ठरले आहे. ते कोणाच्या हातून करायचे, यावर मात्र घरात एकमत होत नाही.

गावात एक वृद्ध दाई आहेत. सगळे त्यांना माय म्हणतात. माझ्या यजमानांचा आणि दोन्ही दिरांचा जन्म त्यांच्याच हातून झाला आहे. रुग्णालयाचा विषय काढला की सासूबाईंचे एकच उत्तर असते, "तुया नवऱ्याले तिनंच काढलं, त्याले काय झालं?" उपकेंद्र तीन किलोमीटरवर आहे. तेथील नर्सबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण मी त्यांना लसीकरण करताना आणि रजिस्टर भरतानाच पाहिले आहे, बाळंतपण करताना कधी पाहिलेले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर आहे आणि मध्ये एक नाला लागतो, जो पावसाळ्यात चढला की रस्ता चार-सहा तास बंद पडतो. याखेरीज तालुक्याच्या गावी एक निवृत्त परिचारिका आहेत, त्या पैसे घेऊन घरी येतात आणि "इंजेक्शन देऊन लवकर मोकळी करतात" अशी त्यांची ख्याती आहे.

माझ्या मनातील भीती वेगळीच आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंना एका सरकारी रुग्णालयात रात्रभर एकटे ठेवले होते, ओरडल्या म्हणून टाकून बोलले होते, आणि घरच्या बाईला आत येऊ दिले नव्हते. तेव्हापासून घरातील बायका दवाखान्याच्या नावाने घाबरतात, आणि खरे सांगायचे तर मीही घाबरते. मागच्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन ९.२ आले आहे. बाळंतपण करणारी बाई चांगली आहे की नाही, हे माझ्यासारखीने कशावरून ओळखावे? तिला काय विचारावे? अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

निवृत्त आरोग्य सहाय्यिका, वर्धा जिल्हा

मुली, तू प्रश्न योग्य वेळी विचारला आहेस. बहुतेक घरांत हा प्रश्न कळा सुरू झाल्यावर विचारला जातो, आणि तेव्हा जो हाताशी असेल तोच निवडला जातो.

मी ३१ वर्षे या खात्यात काढली, त्यांतील पहिली तेरा उपकेंद्रात. माझ्या नेमणुकीच्या आदेशावर "साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका" असे लांबलचक पदनाम होते. त्यातील "प्रसाविका", म्हणजे बाळंतपण करणारी, हा शब्द गावात कोणी कधी उच्चारला नाही, आणि पुढे पुढे खात्यानेही तो विसरल्यासारखेच केले, कारण आमचा बहुतेक वेळ लसीच्या पेट्या, कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे आणि अहवाल यांतच जाऊ लागला. म्हणून नर्सबाईंविषयी तुला जी शंका आली आहे ती रास्त आहे. पदवीमुळे हात तयार होत नाही, हात कामानेच तयार होतो. तरीही पदवी आधी पाहायची असते. एएनएमचा, म्हणजे माझ्या याच पदाचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, त्यावरच्या जीएनएम परिचारिकेचा तीन वर्षांचा, आणि दोघींचीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. त्याशिवाय सरकारी सेवेतील परिचारिकांसाठी कुशल प्रसूतीसेवेचे (एसबीए) २१ दिवसांचे प्रशिक्षण असते, ज्यात प्रसूतिगृहात प्रत्यक्ष उभे राहून बाळंतपणे करावी लागतात. "बाई, तुमचे एसबीए प्रशिक्षण झाले आहे का, आणि गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती बाळंतपणे केलीत?" हा प्रश्न नर्सबाईंना सरळ विचारावा. चांगल्या बाईला त्याचा राग येत नाही. जिला येतो, तिच्याविषयी तेवढे कळले तरी पुरेसे आहे.

आता कामाचे पाहू. कळा सुरू झालेल्या बाईकडे चांगली परिचारिका कशी पाहते, हे तिच्या हातातील कागदावरून कळते. पार्टोग्राफ नावाचा एक तक्ता असतो. गर्भपिशवीचे तोंड साधारण चार सेंटीमीटर उघडले की तो भरायला घेतात. तोंड किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके किती, आईची नाडी आणि रक्तदाब किती, हे सगळे त्यावर खुणा करून मांडतात. तक्त्यावर एक तिरकी रेघ छापलेली असते. तोंड तासाला साधारण एक सेंटीमीटर या गतीने उघडत असेल तर खुणा त्या रेघेच्या डावीकडे राहतात, आणि त्या उजवीकडे सरकू लागल्या की बाळंतपण रेंगाळले आहे असे समजून मोठ्या रुग्णालयाची तयारी सुरू करायची असते. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवी पद्धत काढली, ज्यात ही मोजणी पाच सेंटीमीटरपासून धरतात, कारण कित्येक निरोगी बायांची गती सुरुवातीला मंदच असते. तक्ता जुना असो की नवा, तो बाळंतपण चालू असताना भरला गेला पाहिजे. सगळे उरकल्यावर एका बैठकीत भरलेले तक्तेही मी तपासले आहेत. त्यांच्या खुणा आखीव रेषेत आलेल्या असतात, त्यावरूनच ते ओळखू येतात.

दुसरी गोष्ट वारेची. घरच्या मंडळींना बाळ रडले की सगळे पार पडले असे वाटते, पण आईच्या जीवाला खरा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत असतो. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन द्यायचे असते. त्यामुळे गर्भपिशवी आवळते, वार लवकर सुटते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. मग वार पूर्ण पडली की नाही हे उलटसुलट करून पाहायचे, आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून पिशवी दगडासारखी घट्ट आहे ना, हे तपासत राहायचे. ऑक्सिटोसिन थंड जागी, दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. म्हणून जी बाई ते पिशवीत घालून उन्हातान्हातून गावोगाव फिरते, तिच्या इंजेक्शनचा रक्त थांबवण्यासाठी भरवसा धरता येत नाही. तुझे हिमोग्लोबिन ९.२ आहे, म्हणजे तुझ्याजवळ रक्ताची शिल्लकच कमी आहे. भरल्या अंगाच्या बाईला जेवढा रक्तस्राव सोसतो तेवढा तुला सोसणार नाही, आणि घरी बाळंतपण करण्याविरुद्ध माझे पहिले कारण हेच आहे.

आणि तिसरा प्रश्न असा विचार, की "बाई, तुम्ही मला पुढे केव्हा पाठवाल?" यावर "कशाला पाठवावे लागते, माझ्या हातून आजवर एकही बाई दगावली नाही" असे उत्तर मिळाले तर तेथून उठून यावे. रक्तदाब १४०/९०च्या वर गेला, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणमोट फुटून बराच वेळ होऊनही कळा आल्या नाहीत, पाणी हिरवट आले, बाळ आडवे किंवा पायाळू आहे असे हाताला लागले, अशी कारणे जिच्या तोंडून न अडखळता निघतात, तिच्या हाती स्वतःला सोपवावे. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, देण्याची परवानगी प्रशिक्षित एएनएमलाही आहे. ती मात्रा आपल्या उपकेंद्रात आहे का, हेही विचारून ठेव.

राहिली मायची गोष्ट. त्यांना दूर लोटू नकोस. त्यांचे स्थान वेगळे आहे. गर्भवतीसोबत एका बाईला प्रसूतिकक्षात थांबू द्यावे, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना सांगितले आहे. कळांच्या वेळी ओळखीची, शांत बाई सतत जवळ असली तर कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि शस्त्रक्रियेची वेळही कमी जणींवर येते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. सोबतीला सासूबाईंऐवजी मायला ने. म्हणजे सासूबाईंचाही मान राहील, आणि सुईणीचे काम जिने करायचे तीच ते करील.

वाशीमची आई

ताई, त्या इंजेक्शनविषयी मला लिहिलेच पाहिजे.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात घरच्यांनी अशाच एका बाईंना बोलावले होते. त्या कुठे शिकल्या होत्या हे आम्ही कधी विचारले नाही, पांढरा कोट आणि पेटी पाहूनच विश्वास ठेवला. पहाटेपासून कळा येत होत्या, पण त्या दूर-दूर होत्या. दुपारी बाईंनी सलाईन लावले आणि त्यात कळा वाढवण्याचे औषध सोडले. अर्ध्या तासात कळा अशा सुरू झाल्या की एक संपून दुसरी यायला मध्ये जागाच उरली नाही, पोट सतत ताठलेले होते आणि मला श्वास घेता येत नव्हता. त्यातच त्यांनी माझ्या जावेला पोटावर जोर देऊन दाबायला सांगितले. संध्याकाळी बाईंनी पेटी आवरली आणि "केस आता माझ्या हातातली नाही" असे सांगून त्या निघून गेल्या. जिल्हा रुग्णालयात पोहोचलो तेव्हा बाळाचे ठोके फार मंदावले होते. रातोरात शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा नऊ दिवस नवजात शिशू कक्षात होता. तो आज सात वर्षांचा आहे आणि चांगला आहे, परंतु तेथील डॉक्टरीणबाईंनी मला नंतर समजावून सांगितले ते मी विसरू शकत नाही. बाळ जन्मण्यापूर्वी हे औषध द्यायचे तर थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत, आणि लागलीच शस्त्रक्रिया करता येईल अशाच जागी द्यावे लागते. घरी दिल्यास गर्भपिशवी फाटू शकते, आणि पोट दाबल्याने तो धोका आणखी वाढतो.

वर सिस्टरांनी ज्याचे कौतुक केले आहे आणि मी ज्याचे दुःख सांगते आहे, ते औषध एकच आहे. बाळ झाल्यानंतर मांडीत दिले तर ते जीव वाचवते, आणि बाळ होण्याआधी घाईने दिले तर जीवावर बेतते. म्हणून "लवकर मोकळी करते" ही ख्याती ज्या बाईची असेल, तिला तुम्ही उंबऱ्याच्या आत घेऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

धानोऱ्याची नात

माझी आजी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात दाई होती, त्यामुळे दाई म्हणजे अडाणीपणा असा सूर कोठे लागला की मला वाईट वाटते. येथे तसा सूर लागलेला नाही, म्हणूनच लिहिते आहे.

आजीला सरकारी प्रशिक्षण मिळाले होते. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावणे, या पाच गोष्टी ती मोजून पाळत असे. शेण, राख किंवा तेल नाळेला लावू द्यायची नाही, आणि त्यावरून गावातील म्हाताऱ्यांशी तिचे खटके उडत. कळा येणाऱ्या बाईला ती चालायला लावायची, उकिडवे बसवायची, कंबर चोळून द्यायची, पेज पाजायची. आडवे निजवून पाय बांधून ठेवण्याची पद्धत तिने रुग्णालयात पाहिली तेव्हा तिला आश्चर्य वाटले होते, आणि आता शिकलेल्या प्रसाविकाच चालण्याफिरण्याचा सल्ला देतात, हे तिने पाहिले असते तर ती नक्कीच हसली असती. तिचा आणखी एक नियम होता, तो म्हणजे आत हात घालायचा नाही. पोटावरून चाचपून जेवढे कळेल तेवढ्यावरच ती चालायची, आणि दिवस बुडेपर्यंत बाळ खाली सरकले नाही तर खाट उचलायला सांगायची.

परंतु याच आजीच्या डोळ्यांसमोर माझी मोठी आत्या वार न पडल्यामुळे गेली. हात कितीही चांगला असला तरी रक्त थांबवायला औषध लागते आणि गेलेले रक्त भरून काढायला रक्तच लागते, आणि आजीजवळ दोन्ही नव्हते. त्यानंतर तिने पहिलटकरणींची बाळंतपणे घरी करणे बंद केले. ती स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसत असे.

आमच्या भागात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने गावातील बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, ती रीत तेथूनच देशभर गेली. त्यामुळे ताई, निवड एका बाळंतपणाच्या दिवसापुरती करू नका. तुमच्या आशाताई बाळाचे वजन आणि ताप स्वतः तपासतात की दारातूनच विचारपूस करून जातात, हेही आतापासून पाहून ठेवा.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

वरील चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. आपण विदर्भात आहोत, आणि येथे कोणत्याही गर्भवतीची सिकलसेल तपासणी झाल्याशिवाय तिचे बाळंतपण कोठे करायचे हे ठरवता येत नाही. विदर्भातील अनेक समाजांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी होते आणि ती होकारार्थी आली तर पुढच्या चाचणीने बाई वाहक (स्वतःला आजार नसला तरी तो बाळाकडे जाऊ शकतो अशी) आहे की रुग्ण, हे निश्चित करतात. वाहक असल्यास आईला सहसा वेगळा त्रास होत नाही, परंतु यजमानांचीही तपासणी करावी लागते, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. बाई स्वतः रुग्ण असेल तर मात्र तिचे गरोदरपण जोखमीचे ठरते, तिची प्रसूती रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवी आणि लोहाच्या गोळ्यादेखील तिने डॉक्टरांना विचारूनच घ्यायला हव्यात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे, त्यामुळे तपासणीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आपले ९.२ हे हिमोग्लोबिन मध्यम स्वरूपाच्या रक्तक्षयात मोडते. सिकलसेलचा अहवाल ठीक असल्यास लोह व फॉलिक ॲसिडच्या रोज दोन गोळ्या घ्याव्यात आणि महिन्याने पुन्हा तपासणी करावी. अपेक्षेइतकी वाढ झाली नाही तर शिरेतून लोह देता येते, आणि त्यासाठी आठव्या महिन्यापर्यंत थांबू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. ही चूक मला रोज दिसते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी आपल्या कार्डावर लाल खूण लागली, तर दाई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे तिन्ही पर्याय बाजूला ठेवून थेट उपजिल्हा किंवा जिल्हा पातळीवरील रुग्णालयाची तयारी करावी.

एरवी निरोगी गर्भवतीचे बाळंतपण कुशल परिचारिकेच्या हातून होणे ही कमी दर्जाची सोय आहे, असे मी डॉक्टर असूनही मानत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणे पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवण्याची कल्पना आहे. अशा प्रशिक्षित प्रसाविका आपल्या तालुक्यांच्या गावी सर्रास भेटतील तेव्हा भेटतील, तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रातील जी परिचारिका महिन्याला नियमित बाळंतपणे करते, तीच आपली प्रसाविका समजावी. सासूबाईंना खर्चाची काळजी असेल तर त्यांना सांगा, की जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सगळे विनामूल्य आहे.

जाऊबाईंना मिळालेल्या वागणुकीचे समर्थन होऊ शकत नाही. तशा वागणुकीमुळे बायका घरी राहतात आणि मग उशिरा, वाईट अवस्थेत येतात, हे आमच्या लोकांनी लक्षात ठेवायला हवे. आपण आधीच एकदा प्रसूतिकक्ष पाहून या. पडदा आहे का, शौचालय वापरण्याजोगे आहे का, आत असलेल्या बाईशी परिचारिका कोणत्या आवाजात बोलतात, हे पाच मिनिटांत कळते.

जीपवाला, चिखलदरा

मी मेळघाटात भाड्याची जीप चालवतो आणि आजवर कळा देणाऱ्या पुष्कळ बायांना दवाखान्यात पोहोचवले आहे, म्हणून रस्त्याविषयी बोलतो. ऑगस्टची तारीख आणि मध्ये नाला, एवढे वाचूनच माझे उत्तर ठरले. नर्स किती चांगली आहे हा प्रश्न नाल्याच्या पलीकडे पोहोचल्यावरचा आहे. आमच्याकडे आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असते, तेथे बाई तारखेच्या आधी येऊन राहते. तुमच्याकडे ते नसेल तर नाल्याच्या पलीकडे कोणी पाहुणा शोधा आणि तारखेच्या पंधरा दिवस आधीच तेथे जाऊन राहा. १०२ आणि १०८ हे क्रमांक फोनमध्ये असावेतच, पण गावातील दोन गाडीवाल्यांनाही सांगून ठेवा, कारण एकाची गाडी नेमकी त्याच रात्री लग्नाला गेलेली असते.

घाटंजीकडची सून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण सांगितलेल्या गोष्टी करून पाहिल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

उपकेंद्रातील नर्सबाईंना मी प्रश्न विचारले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांचे प्रशिक्षण झाले आहे, पण गेल्या वर्षी उपकेंद्रात दोनच बाळंतपणे झाली, आणि पहिलटकरणीला त्या स्वतःच आरोग्य केंद्रात पाठवतात. त्यांनीच मला तेथील एका परिचारिकेची गाठ घालून दिली. प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर पार्टोग्राफ लावलेले आहेत. मी विचारल्यावर त्यांनी आदल्या रात्रीचा भरलेला तक्ता, नाव झाकून, मला दाखवला. खुणा वेड्यावाकड्याच होत्या. पुढे केव्हा पाठवाल, हे विचारले तेव्हा त्यांनी रक्तदाबापासून सुरुवात केली आणि बोटे मोजत सात कारणे सांगितली.

माझी सिकलसेल तपासणी झाली असून मी वाहक आहे. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आहेत आणि हिमोग्लोबिन ९.९ वर आले आहे. यजमानांची तपासणी मात्र अजून राहिली आहे. आधी तूर विकायची होती, मग शेताची वखरणी निघाली. खरे कारण भीती हे आहे, असे मला वाटते.

मायशी बोलायला मी सासूबाईंनाच पाठवले. माय आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की डोळ्यांना आता कमी दिसते आणि गेली दोन वर्षे त्या हे काम टाळतच होत्या, फक्त कोणाला नाही म्हणता येत नव्हते. त्या सोबत यायला तयार आहेत. आरोग्य केंद्राच्या गावी माझ्या चुलतसासूबाई राहतात. २० जुलैपासून मी आणि माय त्यांच्याकडे राहणार आहोत. त्या निवृत्त परिचारिकेचे नाव आता घरात कोणी काढत नाही, कारण वाशीमच्या ताईंचे उत्तर मी सासूबाईंना दोन वेळा वाचून दाखवले.

एक शंका उरली आहे. मोठ्या रुग्णालयात पाठवायची वेळ आली तर यवतमाळला जावे की पांढरकवड्याला?

निवृत्त आरोग्य सहाय्यिका, वर्धा जिल्हा

ते तू ठरवायचे नाही आणि त्या रात्री घरच्यांनीही ठरवायचे नाही. कोठे त्या वेळी भूलतज्ज्ञ हजर आहे आणि कोठे रक्त मिळेल, हे आरोग्य केंद्रातून फोन करून विचारतात आणि मगच गाडी वळवतात. तू फक्त कार्डावर आपला रक्तगट लिहिलेला आहे ना, हे पाहा, आणि गरज पडल्यास रक्त देऊ शकतील अशा दोन माणसांना आतापासून सांगून ठेव. यजमानांना येत्या ९ तारखेला बरोबर घेऊन जा. तेथे गेल्यावर, "दोघांचेही रक्त घ्या" असे नर्सबाईंनाच म्हणू दे. बायकोचे न ऐकणारे पुष्कळ नवरे माझ्यासमोर मुकाट्याने बाही वर करून बसलेले आहेत.